प्रेक्षकांतून कोणी वर येईल का?

जादूगार जे करतो त्याला मराठीत आपण ‘जादूचे प्रयोग’ म्हणतो. नाटकाचाही प्रयोग असतो आणि प्रयोगशाळेत करतात तोही प्रयोगच. मला हा शब्द फार आवडतो, कारण जादूच्या कार्यक्रमात या दोन्ही गोष्टी खरोखरच असतात. पडदा, दिवे, झगमगता फेटा, ढॅणढॅण संगीत हा झाला नाटकाचा भाग. आणि मग अचानक जादूगार रंगमंचाच्या कडेला येतो, हात पुढे करतो आणि विचारतो, "प्रेक्षकांतून कोणी वर येईल का?" इथून प्रयोगशाळा सुरू होते.

नाटकातला नट असं कधी विचारत नाही. खलनायकाने नायकाला सुरा मारला की तो सुरा खरा आहे का ते तपासायला आपल्याला कोणी वर बोलावत नाही. गरजच नसते. सुरा खोटा आहे हे आपल्याला माहीत असतं आणि ते विसरायची आपली तयारी असते. जादूचं उलटं आहे. तिथे पेटी रिकामी आहे, कुलूप खरं आहे, दोरी घट्ट बांधलीय, हे कोणीतरी हात लावून पाहिल्याशिवाय पुढची गंमतच होत नाही. पोलीस पंचनामा करताना रस्त्यावरचे दोन पंच बोलावतात ना, तसंच हे. पोलिसांवर आपला विश्वास नसतो, म्हणून पंच लागतात. जादूगारावरही आपला विश्वास नसतो, म्हणून प्रेक्षकांतला एकजण लागतो. तो आपल्या सगळ्यांच्या वतीने वर जातो.

हल्ली हा प्रश्न विचारला की हात वर होतात ते फोन धरलेले. हा बदल नेमका कसला, आपण काय कमावलं आणि काय गमावलं, हे बरेच दिवस डोक्यात घोळत होतं. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

आपल्याकडची जादू मुळात रंगमंचावरची नाहीच. ती रस्त्यावरची, बाजाराच्या दिवशीची, जत्रेतली. गारुडी येतो, डमरू वाजवतो, पोरंसोरं जमतात आणि रिंगण तयार होतं. प्रेक्षक चहूबाजूंनी. मागे पडदा नाही, विंग नाही. आजचा कुठलाही रंगमंचावरचा जादूगार या परिस्थितीत घाबरेल, कारण पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाला काय दिसेल ही त्याची कायमची चिंता. गारुड्याला ती चिंता रोजचीच. त्याचा ‘प्रेक्षक’ म्हणजे बहुतेक वेळा त्याचाच जमुरा, चादरीखाली झोपून उस्तादच्या प्रश्नांना उत्तरं देणारं पोरगं. पण खरे प्रेक्षकही त्यात ओढले जातात. कोणाच्या कानामागून नाणं निघतं, कोणाच्या मुठीतली सुपारी नाहीशी होते, कोणाला टाळ्या वाजवायला लावतात. आणि खेळ ऐन रंगात आला की तो थांबतो आणि थाळी फिरते. वर्गणी दिल्याशिवाय शेवट नाही. :)

या गारुड्याच्या खेळाला जुना शब्द आहे ‘नजरबंदी’. लोक समजायचे की हा माणूस मंत्र मारून सगळ्यांची नजर बांधून टाकतो, मग आपल्याला नसलेलं दिसतं आणि असलेलं दिसत नाही. मंत्र सोडा, पण शब्द चुकीचा नाही. माणूस नुसत्या डोळ्यांनी बघत नाही, लक्षाने बघतो. जादूगार आपल्या उजव्या हाताकडे बघतो तेव्हा आपणही तिकडेच बघतो. तो विनोद करतो, आपण हसतो, आणि हसताना दोन क्षण आपलं लक्ष सैल पडतं. जे व्हायचं ते तेवढ्यात होऊन जातं. आणि वर आलेला प्रेक्षक? तो नुसता पंच नसतो. आपण सगळे त्याच्याकडे बघत असतो, त्याचा गोंधळलेला चेहरा, त्याचं अवघडून उभं राहणं, तो आपल्या ओळखीचा असेल तर विचारायलाच नको. म्हणजे पंचही तोच आणि आडोसाही तोच. जादूगाराच्या सगळ्या हातचलाखीत मला ही सर्वांत हुशारीची वाटते. तपासायला म्हणून ज्याला बोलावलं, त्याच्याच आडून काम उरकायचं.

आता यात कॅमेरा आणा. कॅमेऱ्याला लक्ष नसतं. त्याला विनोद कळत नाही. तो उजव्या आणि डाव्या हातात भेद करत नाही. नजर असते पण ती बांधता येत नाही. जादूगाराला नको असलेला हाच तो प्रेक्षक, हे आपल्याला आज सुचतंय असं वाटेल. पण ही कल्पना जवळजवळ सामान्य माणसाच्या हातातल्या कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे, आणि गंमत म्हणजे ती भारतीय जादूच्याच संदर्भात जन्माला आली.

१८८८ साली कोडॅकचा पहिला छोटा कॅमेरा बाजारात आला. बटण दाबलं की फोटो, म्हणजे त्या काळाच्या मानाने अगदी मोबाइलच म्हणा. पुढे दोनच वर्षांनी, ८ ऑगस्ट १८९० रोजी, अमेरिकेतल्या ‘शिकागो ट्रिब्यून’ने एक बातमी छापली. दोन अमेरिकन तरुण भारतात गेले. तिथे त्यांनी एका फकिराला दोरी हवेत फेकताना पाहिलं. दोरी ताठ उभी राहिली, एक मुलगा तिच्यावर चढला आणि वर जाऊन नाहीसा झाला. दोघांपैकी एकाने जे दिसलं त्याचं चित्र काढलं आणि दुसऱ्याने कॅमेऱ्याने फोटो घेतले. चित्रात दोरी होती, मुलगा होता. फोटोत मात्र ना दोरी, ना मुलगा. नुसता फकीर बसलेला. म्हणजे फकिराने सगळ्या गर्दीला संमोहित केलं होतं, पण कॅमेऱ्याला करू शकला नाही, असा बातमीचा निष्कर्ष.

ही बातमी जगभर पसरली. काही महिन्यांनी त्याच वर्तमानपत्राने कबूल केलं की सगळं बनावट होतं, जॉन विल्की नावाच्या त्यांच्याच बातमीदाराने रचलेलं. फोटो काढणाऱ्या तरुणाचं नाव त्याने ठेवलं होतं फ्रेड एस. एलमोर, ज्याचा इंग्रजीत जलद उच्चार केला तर ‘जास्त खप’ असा अर्थ निघतो. पण कबुली कोण वाचतो? दोरीची गोष्ट मात्र राहिली. पुढे १९३४ साली लंडनच्या जादूगारांच्या ‘मॅजिक सर्कल’ या संस्थेने हा खेळ उघड्यावर करून दाखवणाऱ्याला ५०० गिनींचं बक्षीस लावलं, ते कोणीही नेलं नाही. भारताची सर्वांत प्रसिद्ध जादू ही कोणी केलेली जादू नव्हतीच, ती एक बातमी होती. आणि त्या बातमीचा कणा काय, तर प्रेक्षकाचा कॅमेरा.

जादू आणि कॅमेरा यांचं नातं जुळवणारा दुसरा माणूस तर आपल्या घरचाच. दादासाहेब फाळके. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आपल्याला शाळेपासून माहीत असतो. पण त्र्यंबकेश्वरला जन्मलेले हे गृहस्थ त्याआधी जादूचे प्रयोग करत असत, हे कमी जणांना माहीत असतं. रंगमंचावरचं नाव होतं ‘प्रोफेसर केल्फा’. फाळके हे नाव उलटं वाचा म्हणजे कळेल. पुढे स्वतःच्याच जादूवर त्यांनी एक छोटा चित्रपटही काढला. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसने हेच केलं होतं. तोही आधी जादूगार, मग सिनेमावाला.

फाळक्यांना एक गोष्ट नीट कळली असणार. रंगमंचावर जादूगार प्रेक्षकाची नजर वळवतो, सिनेमात मात्र प्रेक्षकाला स्वतःची नजरच नसते, कॅमेरा जिथे ठेवला तिथूनच त्याने बघायचं. मग मधल्यामध्ये कॅमेरा थांबवून माणूस बदलता येतो, एका फिल्मवर दुसरं चित्र उमटवता येतं. ‘लंकादहन’मध्ये हनुमान उडतो, ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण नागाच्या फण्यावर नाचतो. पडद्यावर राम दिसला की लोक हात जोडत असत, असं त्या काळाबद्दल सांगतात. जादूगाराच्या कार्यक्रमात कोणी हात जोडत नाही, कारण तिथे कोणीतरी वर जाऊन पेटी तपासून आलेलं असतं. पडद्यावर जाऊन तपासायची सोय नाही. प्रेक्षकांतून कोणाला वर बोलावणं बंद झालं की करमणुकीची भक्ती व्हायला वेळ लागत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून इथे एक खूण करून ठेवतो.

रंगमंचावरच्या जादूचा आपल्याकडचा मोठा काळ म्हणजे विसाव्या शतकाचा मधला भाग. महाराष्ट्रात जादूगार म्हटलं की आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी एकच नाव, जादूगार रघुवीर. म्हणजे पुण्याचे रघुवीर भोपळे, १९२४ ते १९८४. देशोदेशी फिरले, ‘प्रवासी जादूगार’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांच्यानंतर विजय रघुवीर आणि मग जितेंद्र रघुवीर, अशा तीन पिढ्या या एका घराने मराठी प्रेक्षकांपुढे जादू केली. गुजराती प्रेक्षकांत के. लाल, उत्तरेकडे गोगिया पाशा, आणि सगळ्यांच्या वर बंगालचे पी. सी. सरकार. स्वतःच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्यांनी असं बदलून घेतलं की वाचताना जादूगार या अर्थाचा इंग्रजी शब्द आठवावा. ‘इंद्रजाल’ हे त्यांच्या कार्यक्रमाचं नाव. त्यांचा एक गाजलेला प्रयोग डोळे बांधण्याचा. प्रेक्षकांतल्या लोकांना वर बोलवायचं, त्यांच्याच हातून डोळे झाकून घ्यायचे, मग त्यांनी फळ्यावर काहीही लिहायचं, कुठल्याही भाषेत, आणि सरकार ते न पाहता ओळखणार. विचार करा, या प्रयोगात दाखवण्यासारखी वस्तू एकही नाही. पेटी नाही, कबुतर नाही. फक्त प्रेक्षकांतले चार लोक आणि एक खडू. ते चारजण काढून घेतले तर प्रयोगच उरत नाही.

याच सरकारांच्या हातून १९५६ साली जे घडलं, ते कॅमेरा आणि प्रेक्षक या विषयातलं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण आहे. ९ एप्रिल १९५६. बीबीसीचा ‘पॅनोरमा’ कार्यक्रम, थेट प्रक्षेपण. सरकारांनी सतरा वर्षांच्या दीप्ती डे या सहकारी मुलीला टेबलावर झोपवलं आणि विजेच्या करवतीने मधोमध कापलं. करवत बाजूला झाली. त्यांनी मुलीचे हात चोळले, तिला हाक मारली. ती उठली नाही. इतक्यात सूत्रसंचालक रिचर्ड डिम्बलबी कॅमेऱ्यापुढे आले आणि कार्यक्रम संपल्याचं सांगून मोकळे झाले. बस. बीबीसीच्या टेलिफोनवर लोकांच्या फोनचा पूर लोटला. आपल्या डोळ्यांदेखत एका मुलीचा खून झाला असंच अनेकांना वाटलं होतं. मुलगी अर्थातच ठणठणीत होती. वेळ संपल्यामुळे प्रक्षेपण थांबलं असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हीच बातमी, आणि सरकारांच्या लंडनमधल्या खेळांना तुफान गर्दी.

वेळ खरंच संपली की सरकारांनी ती बरोबर संपवून आणली, हा भाग गमतीचा आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हाच प्रयोग थिएटरात लोक रोज बघत होते आणि कोणी पोलिसांना बोलावत नव्हतं. फरक एवढाच की थिएटरात मुलगी उठून बसेपर्यंत आपण तिथे असतो. शेजारचा हसतो, मागचा शिट्टी मारतो, आणि हा खेळ आहे हे शेकडो लोक मिळून आपल्याला सांगत असतात. घरातल्या टीव्हीसमोर बसलेला माणूस एकटा असतो, आणि त्याच्या वतीने वर गेलेलं कोणीही नसतं. कॅमेऱ्याने सगळं दाखवलं, पण पंच गाळला.

टीव्हीवरच्या पुढच्या जादूगारांनी यातून धडा घेतलेला दिसतो. १९८३ साली डेव्हिड कॉपरफील्डने न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ‘नाहीसा’ केला तेव्हा तिथे मुद्दाम थोडे प्रेक्षक आणून बसवले होते, टीव्हीवर बघणाऱ्या लाखोंच्या वतीने पाहण्यासाठी. कॅमेऱ्याची चलाखी नाही, हे जादूगारानेच बजावून सांगायचं आणि पुराव्यादाखल हाडामांसाची माणसं दाखवायची. आपल्याकडे पी. सी. सरकार ज्युनियर यांनी २००० साली ताजमहाल ‘अदृश्य’ केला, तिथेही यमुनेकाठी बघायला माणसं होतीच. १८९० च्या बातमीत माणसं फसली आणि कॅमेरा खरं बोलला. शंभर वर्षांत उलटंपालटं झालं. आता कॅमेऱ्यावर विश्वास नाही, म्हणून माणसं साक्षीला.

गुपित फुटण्याची भीतीही अशीच जुनी. बाई कापण्याचा प्रयोग १९२१ साली लंडनमध्ये पी. टी. सेल्बिटने पहिल्यांदा रंगमंचावर आणला. अमेरिकेत होरेस गोल्डिनने त्याची स्वतःची पद्धत काढली आणि पेटंट घेतलं. पण पेटंट म्हणजे युक्ती कागदावर उतरवून सरकारदफ्तरी देणं आलं, आणि तो कागद कोणालाही बघता येतो. पुढे एका सिगारेट कंपनीने जाहिरातीत ती युक्ती छापली तेव्हा गोल्डिन कोर्टात गेला आणि हरला. तुम्हीच जाहीर केलेली गोष्ट गुपित कशी, हा सरळ सवाल होता. १९९७ पासून तर अमेरिकन टीव्हीवर मुखवटा घातलेला जादूगार एकेक प्रयोग फोडून दाखवू लागला, आणि तो कार्यक्रम आपल्याकडेही घरोघरी पाहिला गेला. जादू मेली का? नाही. माझं मत असं झालंय की युक्ती कळल्याने जादूचं फारसं बिघडत नाही. पत्त्यांतली हातचलाखी कशी करतात ते पुस्तकात वाचूनही समोरच्या माणसाने केली की आपण बघतच राहतो.

मग बिघडतं कशाने? इथे ती मघाची खूण आठवा.

१८५६ साली फ्रेंच सरकारने रॉबेर-उदँ नावाच्या आपल्या प्रख्यात जादूगाराला अल्जीरियात पाठवलं. तिथले मराबूत, म्हणजे आपल्याकडचे बुवा म्हणा, चमत्कार दाखवून लोकांना फ्रेंचांविरुद्ध उभं करतात, तर आमचा चमत्कार त्यांच्यापेक्षा मोठा आहे हे दाखव, अशी कामगिरी. त्याने एका धट्ट्याकट्ट्या अरबाला वर बोलावलं आणि छोटी पेटी उचलायला सांगितली. उचलली. मग तुझी शक्ती काढून घेतो म्हणाला आणि पुन्हा उचलायला लावली. पेटी हलेना. खाली विद्युतचुंबक होता. वर त्या माणसाला विजेचा झटकाही दिला आणि तो ओरडत पळाला. नंतर दुभाष्यांमार्फत लोकांना ही सगळी युक्ती होती असं सांगितलं गेलं. पण त्या संध्याकाळी वर आलेल्या माणसाला ते माहीत नव्हतं. त्याला पंच म्हणून बोलावलं आणि बकरा केला.

अगदी उलटं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीचे कार्यकर्ते शाळांत, गावांत चमत्कारांचे प्रयोग करतात. पाणी शिंपडलं की नारळ पेटतो, जळता कापूर जिभेवर ठेवतात, रिकाम्या हातातून विभूती काढतात. प्रेक्षकांतल्या मुलांना वर बोलावतात. इथपर्यंत सगळं बुवासारखंच किंवा जादूगारासारखंच. पण मग ते थांबतात आणि नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा होता हे दाखवतात. वर आलेल्या पोराच्या हातून तोच चमत्कार पुन्हा करवून घेतात. पोरगं खाली उतरतं तेव्हा ते फसलेलं नसतं, शहाणं झालेलं असतं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे.

हे सगळं परक्या गावचं वाटत असेल तर एक आठवण. आमच्या आचोळ्यापासून जवळच, रेल्वेच्या पलीकडे जुनं सोपारा. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आणि १९५६ साली, म्हणजे सरकारांनी लंडन हादरवलं त्याच वर्षी, भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. हा नववा लेख कशाबद्दल आहे? आजारपण, लग्न, मूल होणं, प्रवास अशा वेळी लोक नाना तऱ्हेचे निरर्थक विधी करतात, त्याचं फळ थोडं, नीतीने वागण्याचं फळ मोठं, असा त्याचा आशय. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आमच्याच बंदरावर हे दगडात कोरून ठेवलं होतं.

तर बुवा आणि जादूगार यांच्यात फरक काय? युक्ती एकच असू शकते. फरक आहे तो प्रेक्षकाशी झालेल्या बोलीचा. जादूगार तिकिटावरच सांगतो, मी तुम्हाला फसवणार आहे, बघा पकडता येतं का. बुवा सांगतो, मी फसवत नाही. म्हणून मला वाटतं, बुवाचं चित्रीकरण करणारा प्रेक्षक आपलं कर्तव्य करतो. त्याने जरूर करावं, पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघावं, दहाजणांना दाखवावं. तिथे पंच वर बोलावला जात नाही, तेव्हा कॅमेरा हाच पंच. जादूगाराचं तसं नाही. त्याने आधीच खरं सांगितलेलं असतं, शिवाय आपल्याला वरही बोलावलेलं असतं.

कायद्याचंही इथे एक गमतीशीर म्हणणं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ‘सादरकर्ता’ म्हणजे कोण याची यादी आली. नट, गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीला त्यात डोंबारी, जादूगार आणि चक्क गारुडी आहे! म्हणजे रस्त्यावर पुंगी वाजवणाऱ्याचा खेळही, कागदावर तरी, त्याच्या मालकीचा. २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोगाचं ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा हक्क सादरकर्त्याचा, हे आणखी स्पष्ट झालं. मात्र स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं चित्रीकरण कायदा गुन्हा मानत नाही. म्हणजे पोराचा कौतुकाचा व्हिडिओ घरी आजीला दाखवा, हरकत नाही. प्रयोगच्या प्रयोग सगळ्या जगापुढे टाकलात तर तो जादूगाराच्या हक्कावर घाला. नाट्यगृहाची स्वतःची मनाई असेल तर ती वेगळीच. जादूगाराबद्दल कायद्याने एवढा विचार केलाय. वर बोलावलेल्या प्रेक्षकाचं मात्र त्या यादीत नाव नाही. आणि माझी खरी काळजी त्याचीच आहे.

आचोळे आता गाव म्हणण्यासारखं राहिलेलं नाही. तलाव आहे, बाकी इमारतींना इमारती लागल्यात. पण प्रत्येक इमारतीचा गणपती असतो आणि एखाद्या संध्याकाळी जादूगार येतो. आमच्याकडे आला होता तेव्हा त्याने एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वर बोलावलं. जुना, सगळ्यांनी पाहिलेला प्रयोग. मुलाला पाणी प्यायला दिलं, त्याच्या एका कोपराखाली नरसाळं धरलं आणि दुसरा हात हापशासारखा वरखाली करायला लावला. कोपरातून पाणी! सगळे खो खो हसले, मुलगाही हसला, जादूगाराने त्याला चॉकलेट दिलं. पूर्वी हे इथे संपलं असतं. तीस-चाळीस फोन चालू होते. दुसऱ्या दिवशी तो तुकडा कुठून कुठे फिरला कोण जाणे, पण मुलाच्या वर्गात पोचला आणि पोराचं नाव ‘हापसा’ पडलं. पुढच्या वर्षी जादूगाराने विचारलं, "कोण वर येणार?" तर हा खुर्चीखाली लपला. त्याची आई हसत होती, पण ते हसू काही खरं वाटलं नाही.

जादूगाराची यात काही चूक नव्हती. चित्रीकरण करणाऱ्या कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण पंच म्हणून वर गेलेल्या माणसाला एक अलिखित संरक्षण असायचं. तुझी जी काही फजिती होईल ती या मांडवात होईल आणि मांडव उठला की संपेल, एवढंच. आपण सगळे मिळून हसायचो आणि सगळे मिळून विसरायचो. फोन विसरत नाही. आणि त्या तुकड्यात मागचा-पुढचा संदर्भ नसतो, मुलाला दिलेली टाळी नसते, चॉकलेट नसतं. १९५६ च्या टीव्हीसारखंच. करवत दिसते, मुलगी उठलेली दिसत नाही.

मी काही फोनवर बंदी घाला म्हणणाऱ्यांतला नाही. काही जादूगारांनी तर फोनलाच खेळात घेतलंय, प्रेक्षकाचाच फोन मागून घेतात आणि तो भलत्याच ठिकाणाहून काढून दाखवतात. सुरुवातीला पाच मिनिटं हवे तेवढे फोटो घ्या, मग फोन खिशात, असं प्रेमाने सांगितलं तर लोक ऐकतातही. आपल्या हातात आहे ते एवढंच, की वर गेलेलं पोर दुसऱ्याचं असेल तर त्याच्या आईबापांना विचारल्याशिवाय तो तुकडा कोणाला पाठवू नये. आपलं असेल तर पोरालाच विचारावं. आठ वर्षांच्या मुलालाही याचं उत्तर देता येतं.

आणि एक. फोनमधून बघणारा माणूस प्रेक्षक राहत नाही, तो नोंद करणारा कारकून होतो. त्याला वाटतं, आत्ता टिपून घेऊ, नंतर सावकाश बघू आणि पकडू. पण नंतर सावकाश बघताना नजर बांधायला समोर कोणी नसतं, आणि वर जायचं म्हटलं तरी जाता येत नाही. युक्ती कदाचित सापडते. ती तशीही पुस्तकात होतीच. असो. गणपती जवळ आलेत. यंदा कोणी विचारलंच, तर फोन खिशात ठेवून तुम्हीच वर जा. मुलांपेक्षा आपली फजिती झालेली परवडते.